डाव्या कानाचं हाड

"तोंड उघडा, सर."

"नाही उघडत."

देवपुजारी सरांनी तर्रीत बुडालेल्या पोह्यांचा चमचा माझ्या डोळ्यांदेखत सावकाश तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत बसले. मी हातातली निर्जंतुक काडी पुन्हा तिच्या नळीत सरकवली. खाल्ल्यानंतर अर्धा तास गालाच्या आतला नमुना घेता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच सकाळपासून त्यांचं तोंड रिकामं राहत नव्हतं. आधी चहा झाला, मग संत्रं, आता पोहे.

"लहान मुलासारखं वागताय तुम्ही."

"आणि तू फौजदारासारखी. चाळीस वर्षं या माळावर मी हाडं काढतोय. तुझ्या त्या प्रयोगशाळेला पहिलं हाड मीच दिलं. आता माझ्याच थुंकीची झडती?"

"झडती नाही, सर. वगळणी. तिथं पाऊल टाकलेल्या प्रत्येकाचा नमुना आहे आमच्याकडे. माझा आहे, फोटोग्राफरचा आहे, खोदणाऱ्या सगळ्या बायांचा आहे. फक्त तुमचा नाही."

"नसू दे. वर्गात एकतरी मुलगा गैरहजर हवाच."

शाळेच्या ओसरीवर बसलेले दोन शिक्षक हसले. मी हसले नाही. दुपारी चार वाजता कार्यक्रम होता, आणि तोवर मला तो कसाही थांबवायचा होता.

हिवरधऱ्याच्या माळावर मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आहेत. अशी वर्तुळं विदर्भात बरीच सापडतात. त्यांच्या आत मुरमाखाली लोहयुगातली माणसं पुरलेली असतात. गावात या वर्तुळांना 'राकसाचं खळं' म्हणतात. आदल्या वर्षी त्यातल्याच एका खळ्यात सरांना एक सांगाडा मिळाला. हाताशी लोखंडी कुऱ्हाड, पायांशी घोड्याची कवटी आणि तिच्यावर तांब्याचा साज. वर्तमानपत्रांनी लगेच नाव दिलं: हिवरधऱ्याचा स्वार. गावानं ते उचलून धरलं.

आपल्याकडच्या उन्हात हाडांतला डीएनए टिकत नाही. टिकलाच तर एका ठिकाणी, कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीसारख्या हाडात. शरीरात त्याहून घट्ट हाड नाही. स्वाराच्या डाव्या कानाचं ते हाड फुटून सुटं झालं होतं आणि मुरमात सापडलं होतं. ते आमच्याकडे आलं. मीच त्याला भोक पाडलं, मीच भुकटी केली. उजव्या कानाचं हाड कवटीतच होतं, आतल्या मातीसकट, कोणाचाही हात न लागलेलं.

निकाल आला तेव्हा कामत मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. प्रयोगशाळा त्यांची, प्रकल्प त्यांचा, मी त्यांची प्रकल्प-सहायक. एवढा डीएनए मिळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. वाय गुणसूत्र स्पष्ट दिसत होतं. म्हणजे पुरुष. स्वार तो स्वारच निघाला.

मग मी त्या तुकड्यांची टोकं पाहिली.

हाडात पडून राहिलेला डीएनए तुटत जातो आणि त्याचे तुकडे टोकांकडून खराब होत जातात. ही खराबी हीच त्याच्या वयाची खूण. आमच्या निकालातले बहुतेक सगळे तुकडे टोकापर्यंत धडधाकट होते. त्यांचा मालक जमिनीखाली गेलेला नव्हता. तो कुठंतरी जिवंत होता आणि बहुधा तर्री-पोहे खात होता.

"उत्तम जतन झालंय असंही असू शकतं," मॅडम म्हणाल्या होत्या.

"मुरमात? आपल्या उन्हात?"

"चारुता, सर हातमोज्यांशिवाय काम करत नाहीत. तोंडावर पट्टी असते. प्रत्येक हाड काढतानाचं चित्रीकरण आहे. तू पाहिलंस ना सगळं?"

"पाहिलं. दोनदा."

"मग हा डीएनए आला कुठून?"

"ते माहीत नाही. पण तो जुना नाही, हे माहीत आहे."

"माहीत नाही आणि माहीत आहे, दोन्ही एका वाक्यात बसत नाहीत."

"बसतात, मॅडम."

प्रकल्पाचा अहवाल महिनाअखेर द्यायचा होता. उजव्या हाडावर नीट, सुरुवातीपासून काम करायचं तर पावसाळा उलटला असता. मॅडमची दिल्लीला बैठक होती, म्हणून त्यांनी मला हिवरधऱ्याला पाठवलं. सोबत स्वाराच्या कवटीची पेटी आणि व्यासपीठावर वाचायचा निकालाचा एक परिच्छेद. परिच्छेद वाचायचा, पेटी गावाच्या इतिहास मंडळाला सोपवायची, परत यायचं. दुसऱ्या दिवशी नागपूरहून एक कारागीर येणार होता. तो कवटी धुऊन, माती काढून, तिच्यावर चकाकता लेप चढवून ती गावातल्या नव्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवणार होता. एकदा तो लेप हाडात मुरला की उजव्या कानाचं हाड आमच्यासाठी संपलं. मग तिथं कोण होतं, हे कधीच कळणार नव्हतं.

"सर, निदान लेप लावू नका म्हणून तरी सांगा त्यांना."

"मंडळाचा निर्णय आहे तो. माझा नाही."

एवढ्यात मंडळाचे अध्यक्षच आले. गुणवंतराव निकोडे. संत्र्याच्या बागा, पांढरं धोतर, कानाला चिकटलेला मोबाइल. संग्रहालयासाठी जमीन त्यांनीच दिली होती. त्यांच्या मागून दोन माणसं एक मातीचा पुतळा हातांवर तोलत आणत होती. घोड्यावरचा स्वार, हातात कुऱ्हाड.

"पाहा सर. मोठा याच्या दहापट होईन. कसा वाटते?"

सर चष्मा कपाळावर चढवून पुतळ्याभोवती फिरले. "मिश्या जरा जास्तच झाल्यात, गुणवंतराव."

"मिश्याईवर तं कारागिरानं लय मेयनत घेतली!" गुणवंतराव दुखावले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमचा रिपोट काय म्हन्ते? मिश्या होत्या ना त्याले?"

"रिपोर्टमध्ये मिश्या नसतात, काका."

"पर मर्द तं हाय ना?"

सरांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चार वाजता बोलू."

"चार वाजता तं बोलाचंच हाय. पुऱ्या तालुक्याले बलावलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "गावाले काई नाई हो ताई. ना नदी, ना किल्ला, ना संत. बसबी दिवसातून दोनदाच थांबते. हा एक राजा भेटला तं लोक म्हनतीन, हिवरधरा कुठंतरी हाय."

मला त्यांचा राग येईना. राग यायला हवा होता. सोपं झालं असतं.

दहाच्या सुमाराला सर नव्या चरावर निघाले. पोहे खाऊन अर्धा तास होत आला होता, म्हणून मीही काडी घेऊन मागोमाग गेले. माळावर पळस पेटले होते. चरात चार बाया बसून ब्रशनं मुरूम झाडत होत्या. सगळ्यांच्या हातात मोजे, तोंडावर पट्ट्या. सरांची शिस्तच तशी होती. तेसुद्धा काठावर बसून मोजे चढवू लागले, एकेक बोट ताणून बसवत. मला वाटलं, उगाचच या माणसामागे लागलेय मी. एवढा काटेकोर माणूस.

"सर, हे पाहा बरं," कौतिकाबाई म्हणाली. ती तिथली सगळ्यात जुनी. तिच्या तळहातावर चिंचोक्याएवढा मळकट खडा होता.

सरांनी चिमट्यानं तो उचलला, उन्हात धरला, डाव्या हातानं तोंडावरची पट्टी खाली ओढली, खडा जिभेच्या टोकाला लावला, काढला, म्हणाले, "हाड," आणि पट्टी पुन्हा वर केली. "कॅमेरा बोलवा."

फोटोग्राफर उठला, चरात उतरला आणि चित्रीकरण सुरू झालं. हातमोजे, पट्टी, चिमटा, पिशवी. सगळं नियमाप्रमाणे.

मी चराच्या काठावर उभी होते. हातातली नळी हातातच राहिली.

"सर," मी म्हणाले, "आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"जीभ लावलीत."

"मग काय नाक लावू? ओल्या मुरमात हाड आणि चुनखडीचा खडा सारखेच दिसतात. हाड जिभेला चिकटतं, खडा चिकटत नाही. माझ्या गुरूंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. जगात कुठंही जा, जुना खोदणारा असाच..."

"सर तं चाखूनच सांगतेत," कौतिकाबाई मान वर न करता म्हणाली. "आमी इचारतो, गोड लागते का खारट."

बाया हसल्या. सर हसता हसता थांबले.

कॅमेरा सुरू करायचा की नाही, हे ती जीभ ठरवत होती. म्हणून ती एकाही चित्रफितीत नव्हती. आणि म्हणूनच सरांनाही ती आठवत नव्हती. श्वास घेतल्याचं कोण लक्षात ठेवतं?

"डाव्या कानाचं हाड सुटं मिळालं होतं ना?" मी विचारलं. "मुरमात. याच्यापेक्षा थोडं मोठं."

सरांची नजर चिमट्यावरून पिशवीकडे गेली.

"ते खडा नाही, हाड आहे, हे कसं ओळखलंत?"

सर उठले. चढवले होते तसेच, एकेक बोट ओढून, मोजे काढले आणि पळसाच्या सावलीकडे चालू लागले. मी मागे गेले.

तिथं ते माळाकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "तपासणीआधी हाडाचा वरचा थर तर तुम्ही खरवडून टाकता. मग?"

"हाडाला तडे होते. तडे लाळ शोषून घेतात. खोलपर्यंत."

"म्हणजे तो तुमचा स्वार..."

"तुम्ही आहात, सर. बहुधा. काडी दिलीत तर पक्कं सांगता येईल."

ते मोठ्यानं हसले; पण ते हसणं लवकरच विरलं. "चाळीस वर्षं ज्याला शोधत होतो, तो मीच निघालो तर. बरं. कोणाकोणाला सांगितलंस?"

"आत्ताच तर कळलंय."

"मग ऐक. आज वाच तो परिच्छेद. गावाचा आनंद होऊन जाऊ दे. वर्षभरात आपण शोधनिबंधात शांतपणे दुरुस्ती घालू. चार ओळींची. अशा दुरुस्त्या होत असतात."

"आणि उजवं हाड?"

"ते..."

"उद्या त्यावर लेप चढेल, सर. मग दुरुस्ती कशाच्या जोरावर घालणार?"

"पोरी, त्या संग्रहालयाच्या कोनशिलेवर माझं नाव कोरलंय. मी सत्तरीला आलो. आणखी किती कोनशिला येणार माझ्या वाट्याला?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उद्या लोक म्हणतील, म्हातारा हाडं चाटत होता. एवढंच उरेल. चाळीस वर्षांचं काम नाही उरणार."

ते खोटं बोलत नव्हते. एवढंच उरलं असतं कदाचित. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिथं विरघळली असती, आणि मीही विरघळण्याच्या बेतात होते. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती.

"सर, ते सगळेच तुकडे ताजे नव्हते. काही झिजलेले होते. थोडेच, पण खरे जुने. मी फक्त तेवढे वेगळे काढून पाहिले."

त्यांनी मान वळवली. त्यांच्यातला खोदणारा जागा झाला होता. "काय सांगतात?"

"फार नाही. वंश वगैरे काही सांगण्याएवढे नाहीत. बाई की पुरुष, एवढं सांगायला पुरतात."

"आणि?"

"वाय गुणसूत्राचा मागमूस नाही."

पळसाची फुलं खाली टपटपत होती.

"कुऱ्हाड होती गं हाताशी," सर म्हणाले.

"हो."

"घोडा होता. तांब्याचा साज घातलेला घोडा."

"हो, सर. तिचा."

"कामतला सांगितलंस?"

"त्या म्हणाल्या, तुकडे कमी आहेत. आणि कार्यक्रम पुरुषाचा ठरलाय."

सर पुन्हा हसणार होते, नाही हसले. क्षणभर मला वाटलं, आता हे उठतील, गुणवंतरावांकडे जातील. ज्या माणसानं एका हाडासाठी आयुष्य उन्हात काढलं, तो ही बातमी ऐकून बसून राहूच शकणार नाही. ते उठले. धोतराच्या मागची माती झटकली.

"तू वाचणार नसशील तर मी वाचीन," ते म्हणाले. "पेटी कुठाय?"

"माझ्याजवळ. आणि माझ्याजवळच राहील."

ते गेले. काडी माझ्या हातात तशीच होती.

मी मॅडमना फोन लावला. जीभ, चित्रीकरण, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरांनी कबूल केलं?"

"माझ्याजवळ."

"चार लोकांत करतील?"

"नाही."

"मग ही तुझी कल्पना आहे. नमुना नाही, जुळणी नाही. चारुता, हुशार आहेस. एवढा एक कार्यक्रम निभावून ये. तुझी मुदतवाढ माझ्या टेबलावर पडलीय, विसरू नकोस."

"मी ते वाचणार नाही, मॅडम."

"मग व्यासपीठावर जाऊ नकोस. सर वाचतील. पेटी दे आणि ये." फोन बंद झाला.

मंडप शाळेच्या पटांगणात होता. पुढे खुर्च्या पुरुषांच्या, मागे सतरंज्यांवर बाया. कौतिकाबाई आणि तिच्या सोबतिणी चरावरून तशाच आल्या होत्या. मंचावर तो मातीचा स्वार हार घालून उभा केला होता. गुणवंतरावांनी भाषण केलं. आपला पयला राजा, आपल्या मातीतला मर्द, याच्या घोड्याच्या टापा अजून या माळावर घुमतेत. टाळ्या पडल्या. मग सर उठले. त्यांच्या हातात मॅडमचाच परिच्छेद होता. तो त्यांच्या मोबाइलवर येऊन पोचला होता. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या त्या आवाजात त्यांनी तो एका दमात, मान वर न करता वाचला. "...डाव्या कानाच्या हाडातून मिळालेल्या डीएनएवरून सदर व्यक्ती पुरुष असल्याचं निःसंशय सिद्ध झालं आहे." ते खाली बसले आणि रुमालानं चष्मा पुसू लागले.

"आता प्रयोगशाळेच्या ताई आपल्या राजाची कवटी मंडळाच्या हाती देतीन," गुणवंतराव म्हणाले.

मी पेटी घेऊन वर गेले. त्यांनी हात पुढे केले. मी त्यांच्या बाजूनं वळून माईकपाशी गेले.

"मी चारुता गोहणे. ते हाड मीच तपासलं. आत्ता वाचलेला निकाल या कबरीतल्या माणसाचा नाही. खोदताना हाडाला कोणाचा तरी स्पर्श झाला. त्या, आज जिवंत असलेल्या माणसाचा तो निकाल आहे."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "कोनाचा?"

मी सरांकडे पाहिलं नाही. "ते मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

"ताई, काय बोलून रायल्या तुमी?" गुणवंतराव जवळ आले. चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण फक्त लोकांसाठी. "सरायनं आत्ता तं वाचलं."

"सरांनी वाचलं. तपासलं मी." मी पुन्हा माईककडे वळले. आता नेमके शब्द सुचेनात. प्रयोगशाळेतला एकही शब्द तिथं उपयोगाचा नव्हता. समोर मागच्या बाजूला रंगीबेरंगी लुगडी दिसत होती. "जुनं लुगडं पाहता ना तुम्ही? काठाकडून विरतं. जितकं जुनं, तितका काठ विरलेला. आम्हाला त्या हाडात मिळालेले बहुतेक धागे कोऱ्या लुगड्याचे होते. हल्लीचे. पण त्यात थोडे विरलेले धागेही होते. ते या कबरीतले. मी फक्त ते वेचून पाहिले. ते पुरुषाचे नाहीत. कुऱ्हाड घेऊन, घोडा घेऊन जिला इथं पुरलं, ती बाई होती."

गलका झाला. कोणी शिट्टी वाजवली. कोणी म्हणालं, "पोट्टी बह्याड झाली का?" एक म्हातारा खुर्चीवर चढून ओरडत होता, त्याला खाली ओढत होते. गुणवंतरावांनी मंचाखाली इशारा केला आणि माईक खरखरून मेला.

"सर, तुमीच सांगा बरं या पोरीले!" ते सरांकडे वळले. सगळा मंडप सरांकडे वळला. सरांचा चष्मा पुसून झाला होता तरी ते पुसत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

गुणवंतरावांनी पेटीला हात घातला. एका बाजूनं त्यांचा हात, दुसऱ्या बाजूनं माझे दोन्ही.

"सोडा, ताई."

"लेप लावणार नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगा. मग सोडते."

"गावाची वस्तू हाय थे."

"म्हणूनच. लेप लावलात तर ती कोण होती हे गावालाच कधी कळणार नाही. ओढा पाहिजे तर. आतली कवटी फुटली की संग्रहालयात काय, नुसत्या मिश्या ठेवाल?"

पुढच्या रांगेत दोघंतिघं फसकन हसले. गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. पण तालुक्यासमोर, एका मुलीच्या हातातून पेटी हिसकावणं त्यांना जमेना. हात पेटीवर होता, ओढत मात्र नव्हता.

पुढचं सांगून टाकते. पेटी माझ्याबरोबर परत आली. माझी मुदतवाढ झाली नाही. मॅडमनी कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. मुदत संपायच्या आधी एके दिवशी सरांकडून कुरियर आलं. व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, हातानं वळलेला, ओला कापसाचा बोळा. काही कामाचा नव्हता. त्यावर सरांपासून कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांचे डीएनए असणार. मी फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "मूर्ख आहे मी," आणि आठवड्याभरानं स्वतः आले, रात्रभराचा प्रवास करून, सकाळपासून काही न खाता. जुळणी झाली. दुरुस्ती त्यांनी आपल्या नावानं छापली, चार ओळींत नाही, चार पानांत, आणि जिभेची गोष्ट पहिल्याच पानावर लिहिली. उजव्या कानाच्या हाडावरचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेनं, दुसऱ्या लोकांनी केलं. माझं नाव त्यात नाही. निकाल तोच आला.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या हातात एक पेटी होती, समोर मेलेला माईक, शेजारी मान खाली घातलेले सर, आणि मंडपात एवढा आरडाओरडा की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आता खाली उतरावं आणि निघून जावं, असं मनात आलं.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एक बाई उठून उभी राहिली. कोण होती, मला आजही माहीत नाही. तोंडाभोवती दोन्ही हात धरून तिनं हाक दिली, "ओ ताई! जरा मोठ्यानं सांगा ना! अठी मांगं काईच आयकाले नाई येऊन रायलं. कोन होती म्हनता थे?"

तिच्या शेजारची उठली. मग तिच्यामागची. पुढचे पुरुष त्यांना बसा, बसा म्हणत होते, त्या बसेनात.

मी गुणवंतरावांच्या हाताखालून पेटी काढून छातीशी घट्ट धरली, मंचाच्या अगदी कडेला आले, आणि घशाच्या शिरा ताणून पहिल्यापासून सांगायला लागले.